ऐकण्याच्या पेपरात आई

हर्षद काळभोर जपानीच्या परीक्षेत नापास झाला. पेपर सुरू व्हायच्या आधीच झाला. पुण्यातल्या त्या शाळेच्या फाटकावर वॉचमनने त्याचं हॉलतिकीट पाहिलं आणि म्हणाला, "नापासवाले ना? डावीकडचा जिना."

"निकाल नंतर लागतो."

"तो बाकीच्यांचा."

हे आपण ऐकलंच नाही, असं हर्षदने ठरवलं. पहिल्यांदाच परीक्षेला बसत होता बिचारा, तीही सगळ्यात खालच्या पातळीच्या, तेव्हा आपणही ऐकलं नाही असंच धरू. तो डावीकडच्या जिन्याने वर गेला.

शब्दांचा पेपर झाला, व्याकरणाचा झाला, मग ऐकण्याचा आला. वर्गावरच्या मॅडमनी स्पीकर लावला आणि त्यातून हर्षदची आई जपानीत बोलू लागली.

आईला जपानीचा ज माहीत नव्हता. इथे मात्र ती घडाघडा बोलत होती. हर्षद क्लासला इतकी घोकंपट्टी करून फार तर स्टेशन कुठे आहे एवढं विचारायला शिकला होता. त्याला पहिला राग याचाच आला. दुसरा आला विजूकाकाचा आवाज ऐकून. तोही जपानीतच, पण घरचंच बोलणं असल्याने हर्षदला शब्द न् शब्द कळत होता.

"वहिनी, हर्षद जपानला उडालाच म्हणून समजा. त्याची खोली कशाला अडवून ठेवायची? मी माझ्या गाद्यांचा माल टाकतो तिथे."

"अहो भावोजी, तो कुठे चाललाय? अजून पहिलीच परीक्षा देतोय."

"म्हणजे तो पास होऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?"

यावर कपबश्या वाजल्या. आई कोंडीत सापडली की चहा टाकते.

"खोलीचं काय होईल?" स्पीकरमधल्या तिसऱ्या आवाजाने विचारलं.

कागदावर चार चित्रं होती. एकात बाई नकाराची मान हलवत होती. दुसऱ्यात होकाराची. तिसऱ्यात चहा गाळत होती. चौथ्यात छत्री होती. हर्षदने एक नंबर काळा केला, इतका दाबून की पेन्सिल कागदातून बाकात शिरली. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. अख्खा वर्ग दोन नंबर काळा करत होता.

"आई, नाही म्हण!" तो ओरडला.

"हर्षद, परीक्षेत बोलू नये," आई स्पीकरमधून म्हणाली. तेही जपानीत.

मॅडमनी पिवळं कार्ड दाखवलं.

"अहो, ती माझी आई आहे!"

"सगळ्यांना तसंच वाटतं. रेकॉर्डिंग चांगलं आहे ना."

शेजारच्या बाकावर क्लासमधल्या कुमुदकाकू होत्या. नात ओसाकात वाढतेय म्हणून शिकत होत्या.

"काकू, दोन का केलंत?" हर्षदने दात आवळून विचारलं.

"अरे, हो म्हणतेय की ती. सोप्पा प्रश्न."

"भिडेपोटी म्हणतेय! आयुष्यात दिराला नाही म्हणालेली नाही ती. आमची गच्ची अशीच गेली, फ्रिज असाच गेला."

"असेल रे बाळा. पण भिडेचं चित्र कुठे दिलंय?" काकूंनी खोडरबराला हातसुद्धा लावला नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि दोन माणसं डोक्यावर गादी घेऊन आत आली. "काळभोर कोण?" सगळ्यांनी बोट दाखवलं. गादी त्याच्या बाकाला टेकवून ती दुसरी आणायला गेली. हर्षदने मागे पाहिलं. भिंतीला त्याच्या खोलीची खिडकी आली होती आणि गजांवर त्याचाच टॉवेल वाळत होता. बाकीच्यांना ऐसपैस जागा होती.

पुढचा प्रश्न छत्री कुठे विसरली याचा होता. वर्ग कान देऊन ऐकत होता. गाद्या हर्षदच्या छातीपर्यंत आल्या, मग हनुवटीपर्यंत. त्याने विजूकाकाला एक सणसणीत शिवी हासडली. गादीने ती पूर्ण शोषून घेतली. कापूस चांगला होता. दोन गाद्यांच्या फटीतून मॅडमचा हात आत आला, लाल कार्ड त्याच्या खिशात ठेवून परत गेला.

आता फक्त तोंड मोकळं उरलं होतं, तेही गादीच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाला चिकटलेलं. बाहेर काकूंची पेन्सिल खरखरत होती. हर्षदने राग गिळला, घसा साफ केला आणि वेष्टनातून खणखणीत आवाजात म्हणाला:

"महोदया, उत्तरपत्रिका गोळा करण्यापूर्वी सदर खोलीत राहणाऱ्या इसमास एकदा विचारण्यात यावे, ही नम्र विनंती."