काळ्या चित्राची काच

“आज दोनच चमचे. तिसऱ्याला तोंड घट्ट मिटून घेतलं बघ,” वाटी खाली ठेवत नणंद म्हणाली. “रुसलाय गं तो. तू भिंतीवरचं चित्र काढून नेलंस ना, तेव्हापासून.”

“ताई, त्या चित्राचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. नुसतं काळंच काळं आहे, म्हणायचा.”

“मग तुझ्या प्रदर्शनावर रुसला असेल.”

हे मात्र तिला पटलं, आणि लागलंही. नवऱ्याने अंथरूण धरल्याला वर्ष होत आलं होतं. वाचा गेली, एक हात लुळा पडला. दुसऱ्या हाताने तो एकच खूण करायचा: बाजूला हो. ती तोंड धुऊन, हसरा चेहरा करून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली रे राहिली, की हात उठलाच. ती निमूट बाजूला व्हायची. आपण नकोशा झालो, असंच तिने धरून ठेवलं होतं.

त्याच्या उशामागे दार होतं आणि दारापलीकडच्या खोलीत तिचं कामाचं टेबल. त्याला मान वळवता येत नसे, म्हणून तिथे ती निर्धास्त होती. टेबलावर डोकं टेकून पोटभर रडायचं आणि मग कामाला लागायचं, हा तिचा रोजचा नेम होता.

काम जागा उभारायचं. कापडाच्या भिंती, माणूस आपोआप वाकेल इतकं खाली आणलेलं छत, चालता चालता अरुंद होत जाणारी वाट. माणसांना आत सोडायचं आणि विचारायचं, इथून काय दिसतं? कसं वाटतं? ‘माणसाला जागा कशी वाटते, हे या बाईंइतकं कोणालाच कळत नाही,’ असं पेपरात छापून आलं, तेव्हा नणंद म्हणाली होती, “आणि घरात चहाचा कप कुठे ठेवलाय, ते मात्र कळत नाही.”

प्रदर्शनाच्या पहिल्याच संध्याकाळी एक जाडगेले गृहस्थ त्या काळ्या चित्रापुढे डोळे बारीक करून उभे होते.

“बाई, यात चित्र कुठाय? मला तर काचेत माझ्यामागचं दारच दिसतंय. लोक आत येतायत, तेसुद्धा! मजाच आहे.”

उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. पण सवयीने ती आधी त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली, आणि काचेत तिलाही दारच दिसलं.

घरी हेच चित्र पलंगासमोरच्या भिंतीवर होतं. म्हणजे काचेत उशामागचं दार. दारातून टेबल. टेबलापाशी ती.

त्याने सगळं पाहिलं होतं. रोजचं रडणं, मग नाक पुसून कागद कापायला घेणं, सगळं. तोंड धुऊन हसत येणारी बायको त्याला नको होती. ती काचेच्या आड येत होती. साऱ्या जगाला इथून काय दिसतं म्हणून विचारत आपण फिरलो आणि त्या एका उशीवर कधी डोकं टेकवून पाहिलं नाही. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तिने चित्र उतरवलं. व्यवस्थापक धावत आले. “अहो, हे काय करताय? लोक बघायला आलेत!”

“त्यांना बघायला बाकी सगळं आहे,” ती म्हणाली, आणि फ्रेम छातीशी धरून बाहेर पडली.

नणंद दारातच म्हणाली, “अगं बाई, समारंभ सोडून आलीस?” तिने चप्पल न काढताच आत जाऊन चित्र जागेवर टांगलं. त्याचा हात उठायच्या आत बाजूला झाली आणि टेबलापाशी जाऊन बसली.

टेबल रिकामं होतं. काम सगळं तिकडे गेलेलं. समोर काही नसताना नुसतं बसून राहणं तिला फार कठीण गेलं. डोळे भरले. सवयीने हात पुसायला वर गेला.

तो तिने परत टेबलावर ठेवला, आणि तशीच बसून राहिली.