पाय खालून बघायचे

मी एक जुनी आवाजपेटी आहे, मित्रांनो. पत्र्याचा डबा, पुढे जाळी, कडेला आवाजाचं बटण आणि वायरच्या टोकाला छोटासा माइक, एवढंच माझं रूप. पण आमच्या घरात मला मोठा मान. घशाच्या ऑपरेशनानंतर आईंचा आवाज गेला, उरली नुसती कुजबूज. आणि बाबांना तर आधीपासूनच कमी ऐकू यायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या बाबांनी मग मला घरीच घडवलं. ते कथील वितळवून जोडाचे डाग द्यायचे आणि आई शेजारी टॉर्च धरून उभ्या राहायच्या. पुढे दोघांची भांडणंसुद्धा माझ्याच तोंडून झाली. बाबांना ती जड गेली की ते गुपचूप माझं बटण पिळून आवाज कमी करायचे!

एक दिवस मात्र माझी वाचाच बसली. माझ्या पोटातला एक ट्रान्झिस्टर मेला होता. वाटाण्याएवढा, तीन पायांचा, पण कुजबूज मोठी करायचं काम त्याचंच. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून काम लेकीकडे आलं. ती दातांची डॉक्टर. मला पिशवीत घालून ती दुकानं पालथी घालत हिंडली. पहिल्या दुकानदाराने तर ट्रान्झिस्टर हा शब्द ऐकून चक्क रेडिओ पुढे केला. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सुट्या भागांचा डबा उपसला.

"तुमच्या नंबरचा ट्रान्झिस्टर बनायचा कधीच बंद झाला, ताई. त्याच्याऐवजी हा चालेल. पण याच्या पायांचा क्रम वेगळा आहे, हे चित्र बघून लावा. उलटा लागला तर जळेल, आणि माझ्याकडे हा शेवटचाच आहे."

लेकीने तो आणि ते चित्र जपून पिशवीत माझ्याशेजारी ठेवलं.

घरी टेबलावर माझं झाकण निघालं. तिकडे सकाळपासून आई बाबांच्या छातीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. बाबांना वाटलं, हिला थंडी वाजतेय. त्यांनी शाल आणून दिली, खिडकीही लावली. आईंनी कपाळाला हात लावला.

"दात उपटतेस तसा पाय उपटू नकोस हं," बाबा लेकीला म्हणाले.

"बाबा, दात काढू नका, मला काम करू द्या."

तिने चित्र समोर ठेवलं, नवा ट्रान्झिस्टर वरून न्याहाळला आणि पाय भोकांत घातले. उष्णतेने तो मरू नये म्हणून एकेक पाय चिमट्यात धरून डाग दिला. हात कसा सफाईदार! पण मला आतून कळत होतं की काहीतरी चुकतंय. मी सांगणार कशी?

आईंनाही ते दिसलं होतं. त्या कुजबुजल्या, "खालून... पाय खालून बघायचे." मला घडवताना बाबा हेच पुटपुटायचे. ट्रान्झिस्टरचं चित्र पायांच्या बाजूने काढलेलं असतं. वरून बघितलं की डावं-उजवं उलटतं. पण लेकीची मान खाली, बाबांना ऐकू येईना आणि मी मुकी. लेकीने बॅटरी उचलली. आता संपलंच, असं मला वाटलं.

इतक्यात आईंनी लेकीचं मनगट गच्च पकडलं. पालथी मूठ तिच्या डोळ्यांसमोर धरून उताणी केली. एकदा, पुन्हा एकदा.

लेक थबकली. मग तिने खिशातला दात तपासायचा छोटा आरसा काढून ट्रान्झिस्टरच्या पायांखाली धरला. "अगं बाई! रोज आरशात बघून काम करते, आणि इथे चित्र उलटं वाचलं!"

डाग वितळवून तिने पाय फिरवून लावले. बॅटरी जोडली. माझ्या जाळीतून बारीक खरखर आली. आईंनी माइक ओठांशी नेला.

"अहो," मी आईंच्या वतीने खणखणीत म्हणाले, "स्वेटर उलटा घातलाय तुम्ही. सकाळपासून सांगतेय!"

बाबांनी छातीकडे पाहिलं. शिवणी बाहेर आल्या होत्या. ते हसता हसता रडायला लागले. त्यांचा हात माझ्या बटणाकडे आला, तेव्हा मला वाटलं, झाली सुरुवात! पण त्यांनी आवाज वाढवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका, त्यांच्याऐवजी चालेल असा भाग शोधा. पण आईऐवजी कोणी चालत नाही. ती हळू बोलत असेल, तर हातातलं काम ठेवा आणि मान वर करा.