माझ्यापुढे एक बोट आहे

राजारामकाकांची नॅरोबोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबलचक लोखंडी बोळ. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागतं. निवृत्तीनंतर काकांनी तिचं आतलं सगळं लाकूडकाम स्वतः केलं आणि नाव ठेवलं ‘मेत्ता’, म्हणजे सर्वांविषयी मैत्री. या सर्वांमध्ये डॉक्टर विवेक येतात की नाही, हे मला अजून नक्की कळलेलं नाही.

विवेककाका अमेरिकेत श्रूजबरीला त्यांच्या शेजारी राहतात. त्यांच्याकडे ‘बाण’ नावाची स्पीडबोट आहे. दर उन्हाळ्यात दोन्ही जोडपी ईरी कॅनॉलवर येतात आणि तिथल्या दोन गावांमध्ये शर्यत लावतात. नियम एकच. शेवटच्या धक्क्याला ज्याची बोट आधी टेकेल तो जिंकला. हरणाऱ्याने वर्षभर आपल्या बोटीवर एक पाटी मिरवायची: ‘माझ्यापुढे एक बोट आहे.’ पाटी विवेककाकांनी रंगवली होती आणि पहिल्या वर्षापासून ती मेत्ताच्याच पाठीवर होती.

यंदा मात्र काकांचे गुडघे बोलायला लागले होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे कांतामावशीने, जाहीर केलं की हा शेवटचा सीझन. बोट विकत घ्यायला एक शिक्षक जोडपं ठरलं होतं, सप्टेंबरमध्ये ते ती घेऊन जाणार होते.

“जाऊ दे,” काका म्हणाले. “पण पाटीसकट नाही द्यायची बे. उपासना, तू सांग. सायंटिफिकली काही होतं का?”

मी मावशीची भाची. नुकतंच फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मास्टर्स केलेलं, त्यामुळे घरातल्या गळक्या नळापासून सगळे प्रवाही प्रश्न माझ्याकडे येतात. मी गणित केलं. उथळ कॅनॉलमध्ये मेत्ताला जोर लावला की ती वेगाने जाण्याऐवजी मागून खाली बसते. वेगमर्यादा पाळूनही बाण तिच्या दुप्पट वेगाने जाऊ शकत होता.

“नाही होत, काका.”

“मास्टर्स कशाला केलं मग?”

वर मी आणखी एक आगाऊपणा केला. शर्यतीच्या आदल्या दिवशी जेवताना विवेककाकांनी विचारलं, “वजन कमी केलं तर बोट पळते ना?” मी हो म्हटलं. वेगमर्यादेमुळे इथे त्याचा उपयोग शून्य, हे पुढचं वाक्य ऐकायला ते थांबलेच नाहीत. सकाळी पाहिलं तर त्यांनी बोट धुवून पुसून रिकामी केली होती. कूलर, खुर्च्या, खाण्याची पिशवी, सगळं गाडीत.

“विवेक, निदान चिवडा तरी राहू दे,” उत्तराकाकू म्हणत होत्या.

“चिवड्याला वजन असतं.”

मावशी हे सगळं खिडकीतून बघत होती. मग ती आत गेली आणि डबा भरू लागली.

शर्यत सुरू झाली आणि काही क्षणांत बाण वळणाआड दिसेनासा झाला. आम्ही फटफटत निघालो. एका बदकाने आम्हाला मागे टाकलं. काकांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

पण मध्ये लॉक होतं. लॉक म्हणजे बोटींची पाण्याची लिफ्ट: आत शिरायचं, मागचं दार बंद होतं, पाणी भरतं, पुढचं दार उघडतं. एकट्या बोटीसाठी एवढं पाणी घालवायचं नाही म्हणून, मागून दुसरी बोट दिसत असली की लॉक चालवणारी बाई थांबते. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा विवेककाका आत दोरी धरून उभे होते.

“ये, राजाराम. तुझी वाट बघून दाढी वाढली.”

“तुला दाढी शोभते बे. चेहरा कमी दिसतो.”

दोन्ही बोटी शेजारी शेजारी, ओल्या भिंतींच्या तळाशी. पाणी भरू लागलं. मावशीने हात लांब करून स्टीलचा डबा उत्तराकाकूंना दिला. आत कोथिंबीर भरलेली नागपुरी सांबारवडी, अजून गरम.

“कांता, तू पण ना,” असं म्हणत काकूंनी खायला घेतली. विवेककाकांनीही घेतली, मग आणखी घेतली. दार उघडायच्या आत डबा चाटूनपुसून साफ.

मग काकूंचा चेहरा बदलला.

“विवेक, डब्यात काय घालायचं?”

“काही नको. नंतर दे.”

“रिकामा डबा परत देऊ? माझ्या आईने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही. साखर तरी असती. चिवडा तरी असता.”

दार उघडलं आणि बाण सुटला, पण काकूंचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

“मावशी,” मी विचारलं, “हे तू मुद्दाम केलंस?”

“सांबारवडी कोणी मुद्दाम करते का? केवढं काम असते त्यात.”

पुढच्या वळणावर काठाला एका शेतकऱ्याचा फळांचा स्टॉल होता आणि त्यासमोर बाण बांधलेला होता. विवेककाका बोटीत डोकं धरून बसले होते. वर काकू एकेक पीच दाबून, हुंगून बाजूला ठेवत होत्या.

“उत्तरा, कुठलंही घे. प्लीज.”

“कुठलंही कसं घेऊ? कांताला द्यायचंय.”

आम्हाला बघून त्यांनी हात हलवला. “कांता, कडक हवेत की पिकलेले?”

“बोलू नको तिच्याशी,” काका सुकाणूवरून कुजबुजले.

“थोडे कडक बघ,” मावशी ओरडली. “आणि मका कसा आहे तिथला?”

काका हसायला लागले ते थांबेनात. त्यांचं हसू ओसरेपर्यंत मी सुकाणू धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मेत्ता पुढे होती.

धक्का दिसू लागला तेव्हा मागून बाण आलाच, मक्याची कणसं पायाशी घरंगळत. पण धक्क्याजवळ लाटा उठवायला बंदी असते. विवेककाकांना वेग पार खाली आणावा लागला. आता दोघे कप्तान अगदी बरोबरीने, एकमेकांकडे न बघता, चालत गेल्यासारखे पुढे सरकत होते.

“बरोबरी,” विवेककाका म्हणाले.

“कुठे? मी मागच्या टोकाला उभा आहे,” काका म्हणाले. “माझी बोट पुढे आहे.”

तेवढ्यात लांब पुढून ठण् असा आवाज आला. मेत्ताचं नाक धक्क्याला टेकलं होतं.

विवेककाकांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर आणला. गंजलेले स्क्रू काढताना ते बरंच काही पुटपुटले. पाटी निघाली. तिच्याखाली पहिल्या वर्षीचा हिरवा रंग होता, कोरा, चकचकीत. काकांनी त्यावरून तळवा फिरवला.

“पण राजाराम,” पाटी काखेत घेऊन विवेककाका म्हणाले, “सप्टेंबरनंतर ही पाटी खोटी होणार. माझ्यापुढे कुठली बोट?”

काकूंनी तोवर पीचने भरलेला डबा मावशीच्या हातात दिला होता आणि त्यावर मक्याने भरलेली स्वतःची कापडी पिशवी. “पिशवी पुढच्या वेळी दिलीस तरी चालेल.”

मावशीने पिशवीकडे पाहिलं, मग त्या हिरव्या चौकोनाकडे.

“रिकामी कशी देऊ,” ती म्हणाली. “अहो, त्या शिक्षकांना फोन करा. म्हणावं, अजून एक सीझन थांबा.”

“गुडघे?” काकांनी हळूच विचारलं.

“उपासनाला सुकाणू धरता येते. बघितलं मी.”

विवेककाका पाटी ठोकायला जागा शोधत होते. मी त्यांना सांगितलं की पाटीलाही वजन असतं.