अप्पांचे दोन बार

आमचा थोरला भाऊ माचय्या तीन वर्षांनी घरी आला, तो अप्पांच्या खोलीत न जाता आधी देवघरात गेला. तिथे भिंतीवर आमची दुनळी बंदूक टांगलेली असते. ती जागेवर आहे हे पाहून त्याने तिच्या दस्त्यावरून हात फिरवला आणि मग मला विचारलं, "चोंदम्मा, म्हातारा कसा आहे गं?"

मी म्हटलं, "बंदूक बरी आहे ना, अण्णा? मग आता म्हाताऱ्याकडेही बघ, जमलं तर."

त्या घडीला जी किळस आली ती आजवर गेलेली नाही.

आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, मुलगा झाला की अंगणात एक बार काढतात आणि माणूस गेलं की लागोपाठ दोन. ते दोन ऐकले की खोऱ्यातली माणसं हातातलं काम टाकून निघतात, निरोप धाडावा लागत नाही. मुलीसाठी बार नाही. मी झाले तेव्हा काशाची थाळी बडवली होती. ती थाळी अजून फडताळात आहे. बंदूक पणजोबांनी घेतलेली. दस्त्यावर चांदीची पट्टी आहे आणि तिच्यावर तीन नावं, शेवटचं अप्पांचं, उत्तय्या. आमच्या घरची रीत अशी, की गेलेल्याचे दोन बार जो काढील त्याची बंदूक, आणि पट्टीवर पुढचं नाव त्याचं.

अप्पांनी मला दोन्ही भावांच्या माघारी सांगून ठेवलं होतं, "माझे बार तू काढ. त्या दोघांना नळी कुठली नि दस्ता कुठला, एवढंही ठाऊक नाही." शस्त्रपूजेच्या सणाला उंच बांधलेला नारळ मी सात वर्षं पहिल्याच बारात फोडत आले आहे. मला ती बंदूक हवी होती. उगाच साधूपणाचा आव कशाला आणू?

दुसऱ्या दिवशी धाकटा पूवय्याही आला. मग दोघांनी मिळून मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला सुरुवात केली, आणि इथे तर अजून मढंही झालेलं नव्हतं. आत अप्पा कण्हत होते. मी त्यांच्या ओल्या चादरी बदलत होते. बाहेर जेवणाच्या टेबलावर माचय्या बंदूक उघडून तेल घालत बसला होता. चिंधी हवी म्हणून त्याने दोरीवरचा अप्पांचा धुतलेला बनियन ओढला आणि त्याने नळ्या पुसल्या. ज्या माणसाने तीन दिवसांत बापाच्या अंगाला बोट लावलं नाही, तो त्याच्या बनियनने बंदूक पुसत होता.

"जुना होता गं," मी ओरडले तेव्हा तो म्हणाला. "त्यांना आता कशाला लागतोय? आणि डुकराचा रस्सा नाही का केलास? इतक्या लांबून आलोय."

पूवय्या दाराशी उभा राहायचा, नाकाला रुमाल लावून. आत पाऊल टाकायचं नाही, तिथूनच डोकावायचं आणि बाहेर जाऊन वर्दी द्यायची, "अजून आहेत." त्याच्या आवाजात निराशा असायची, हे मी शपथेवर सांगते.

चौथ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात चादर धूत होते. अप्पांचा श्वास आताशा मध्येच थांबायचा, बराच वेळ थांबायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. मला त्याची सवय झाली होती. पूवय्याला कशी असणार? तो बाहेर जाऊन म्हणाला, "गेले." माचय्याने आदल्या संध्याकाळपासून काडतुसं भरूनच ठेवली होती. मी ओल्या हातांनी धावत पुढे आले तोवर दोन्ही बार झालेले, कावळे उडालेले आणि माचय्या छाती काढून धुरात उभा.

मी खोलीत शिरले. अप्पांची छाती वर आली. डोळे उघडले. त्यांनी नाकाने हवा ओढली.

"बंदुकीच्या दारूचा वास येतोय," ते म्हणाले. "कोण गेलं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या पूवय्याकडे, आणि त्यांना कळलं.

अर्ध्या तासात अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरलं. शेतातून, कॉफीच्या मळ्यांतून माणसं आली. अप्पांचे बालमित्र बिद्दप्पाकाका पंच्याऐंशीव्या वर्षी काठी टेकत चढण चढून आले. अप्पांनी मला सांगून स्वतःला उशीला टेकवून बसवून घेतलं आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"अप्पा, चूक पूवय्याची," माचय्या म्हणाला. बंदूक अजून त्याच्या हातात होती.

"मी 'गेलेसे वाटतात' म्हणालो होतो," पूवय्या म्हणाला.

कुणीतरी मागे खोकलं. एवढ्यावर थांबला असता तर मीही म्हटलं असतं, घाई झाली, माणूस आहे. पण माचय्या पुढे झाला. "झालं ते झालं. पण रीत ती रीत. उत्तय्याचे बार म्हणून मी काढले, सगळ्या खोऱ्याने ऐकले. बिद्दप्पाकाका, तुम्हीच सांगा, बंदूक कुणाची?"

जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. समोर बाप बसलेला आणि हा त्याच्या मरणाची पावती मागत होता.

अप्पा माझ्याकडे वळले. "चोंदू, तुला हवीय?"

एका शब्दाचं काम होतं. सगळं खोरं साक्षीला होतं. मी बंदुकीकडे पाहिलं. तेलाने चकाकत होती आणि घोड्याच्या फटीत बनियनचा पांढरा धागा अडकला होता.

"नको, अप्पा," मी म्हटलं. "तिला हात लावायची इच्छा राहिली नाही."

"मग ने, माचय्या. तुझी." अप्पा दमले होते. "आणि सगळ्यांनी ऐका. माझे बार झाले. पुन्हा कुणी काढायचे नाहीत. उजव्या नळीचा हलका वाजला, काडतूस दमट होतं. असो. आलेल्यांना कॉफी दे गं, माझ्याच नावाने आलेत."

कॉफी उकळायच्या आत माचय्याची गाडी फाटकाबाहेर पडली. पूवय्या त्याच गाडीत होता.

अप्पा त्यानंतर अकरा दिवसांनी दुपारी गेले, त्यांचा हात माझ्या हातात असताना. मी नाकाखाली आरसा धरला, एकदा नव्हे, तीनदा. बंदुका इथे घरोघर आहेत, एक हाक मारली असती तर दहा मिळाल्या असत्या. पण अप्पांचा शब्द होता. मी फडताळातून काशाची थाळी काढली, अंगणात गेले आणि पळीने बडवत राहिले. शेजारची बोजम्मा गुळाची लहानशी ढेप घेऊन धावत आली, कुणाला मुलगी झाली विचारत. माझं तोंड पाहून तिने ढेप पदराखाली घेतली. मग एकेक करत सगळे आले.

फोन केल्यावर माचय्या दिवस मावळायच्या आत पोचला. खांद्यावर बंदूक होती. आत जाऊन अप्पांचं तोंड बघण्याआधी तो अंगणात पाय रोवून उभा राहिला आणि नळ्या आभाळाकडे केल्या.

बिद्दप्पाकाका उठले. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, जवळ जाऊन नळ्यांना हात घातला आणि त्या खाली ओढून नळ्यांच्या तोंडावर पंजा ठेवला.

"उत्तय्याचे झालेत, बाळा," ते म्हणाले. "आम्ही मोजलेत. आता वाजतील ते दुसऱ्या कुणाच्या नावाचे. तुझ्या नावाचे म्हणू का?"

माचय्याने सभोवार पाहिलं. अंगणातला प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघत होता आणि एकानेही नजर वळवली नाही. त्याचं बोट चापावरून निघालं. त्याने बंदूक उघडली तेव्हा दस्त्यावरची पट्टी माझ्या बाजूला आली. अप्पांच्या खाली चौथं नाव कोरून झालं होतं, नवं, लखलखीत. अप्पा जिवंत असतानाच कोरून घेतलं असणार.

त्याने काडतुसं उपसली. दोन्ही खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही, तोही नाही. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना मी ती केराबरोबर भरून उकिरड्यावर टाकली आणि हात दोनदा धुतले.