चौथी पायरी

रंजीतानं गिअर बदलला आणि जिप्सी मोहर्लीच्या जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर उसळली. शेजारी परीक्षा घेणाऱ्या मॅडम. सफारीची गाडी आता गावातल्या मुलीही चालवणार होत्या, आणि एकच जागा उरली होती. गाडी तिच्या बापाची, दिनेशची, म्हणून त्याला मागच्या बाकावर बसू दिलं होतं. गप्प बसण्याच्या अटीवर.

"तिसरी पायरी हाय तिची, मॅडम!"

"दिनेशभाऊ, तोंड बंद."

कुठल्याशा प्रशिक्षणात तो शिकण्याच्या चार पायऱ्या ऐकून आला होता. तेव्हापासून घराची सुटका नव्हती. "पहिलीले आपल्याले येत नाई हेच मालूम नसते. दुसरीले मालूम पडते. तिसरीले ध्यान ठेवून जमते. अन् चौथीले हातच करते, डोक्याले इचारत नाई." वरण खारट झालं की ताटावरूनच तो बायकोला तिची पायरी सुनवायचा. स्वतःची पायरी बघायची गरज त्याला कधी वाटली नाही. घरात त्याला कोण विचारणार?

वळणावर सागाच्या शेंड्यावरून वानरानं धोक्याचा कॉल दिला. रंजीतानं गाडी जागीच थांबवली, इंजिन बंद केलं.

"बंद काऊन केली वं? गेली ना नोकरी!"

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. वानर पुन्हा खेकसलं. बांबू हलला, आणि वाघीण रस्त्यावर आली. गाडीकडे मान न वळवता, जणू रस्ता तिच्या बापाचाच, ती पलीकडच्या गवतात शिरली. मॅडम रंजीताकडे वळल्या.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कोणीच नाई, मॅडम. लहानपणापासून बाबाच्या बाजूले बसून राह्यली. गाडी कवा बंद केली, मलेच नाई समजलं."

मॅडम हसल्या. "सोमवारपासून ये."

"चौथी!" दिनेश बाकावर उभाच राहिला. "पाहा मॅडम, चौथी पायरी! अन् मी तर शिकवलं बी नाई!"

गेटवर दिनेशची बायको अन्नपूर्णा डब्याची पिशवी घेऊन सकाळपासून उभी होती. गाडी थांबायच्या आतच दिनेशनं ओरडून सांगितलं. तिनं जंगलाकडे तोंड करून हात जोडले, पोरीच्या गालावरून बोटं फिरवली आणि मागे चढायला गेली. साडीचा काठ पायरीच्या पत्र्यात अडकला.

"हातपाय गळाले का वं तुझे? चढ ना लवकर! दिवसभर इथीच उभं राहाचं का?"

दिनेश बोलला नव्हता. रंजीता बोलली होती, स्टिअरिंगवरून मान न वळवता.

मग तिचाच हात तिच्या तोंडावर गेला. अन्नपूर्णा मात्र खाली वाकून काठ सोडवत राहिली. यात नवीन असं तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

दिनेश खाली उतरला. पिशवी घ्यावी म्हणून त्यानं हात पुढे केला.

अन्नपूर्णा झटकन बाजूला सरली, त्याला वाट द्यायला.