खडूने आखलेली सावली

मित्रांनो, मी एक जुनी वेल आहे. वेल म्हटलं की तुम्ही मान वर करून भिंतीकडे बघाल, पण मला चढता येत नाही. मी पायाशी असते. जमिनीलगत सरपटायचं, माती लागेल तिथे नवं मूळ टेकवायचं आणि पुढे जायचं, एवढंच मला येतं. माझी फुलं नखाएवढी, फिकट जांभळी. दिसायला बेताचीच, पण वास असा की दारावरून जाणारा पाऊल आखडतो.

मला या अंगणात मावशींनी लावलं. मावशी म्हणजे कपडे शिवणाऱ्या मास्तरांच्या बायको. मास्तर कापड बेतत आणि मशीन चालवत. काज आणि बटणं हा मावशींचा प्रांत. खिडकीशी बसून त्या हाताने काज करत. खिडकीसमोर एक दाट झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी मी. वर्षातून एकदा फुलायचं, मग नुसती पानं घेऊन पडून राहायचं, असा माझा संसार. फुलं थोडीच येत, पण तेवढ्यावरही मावशी खूश असत. बोटं आंबली की माझ्याजवळ येऊन टेकत.

मग मावशींना कमी दिसू लागलं. चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, तरी दोरा सुईच्या बाजूनेच जाई. झाडामुळे खोलीत भर दुपारीही अंधार. शेवटी त्यांनीच सुचवलं आणि झाड तोडलं. खोलीत भसकन उजेड आला.

"आता काज वाकडं झालं तर झाडाचं नाव सांगता यायचं नाही," मास्तर म्हणाले.

"तुमची विजार आखूड होते तेव्हा तुम्ही कुणाचं नाव सांगता?"

"गिऱ्हाइकाच्या उंचीचं."

दोघंही हसले. मी मात्र उघड्यावर पडले होते. दिवसभराचं ऊन अंगावर येऊ लागलं. आठवडाभरात माझ्या पानांच्या कडा करपल्या. मावशींना वाटलं, हिला तहान लागली असेल. त्या सकाळ-संध्याकाळ बादली ओतू लागल्या. आता वरून भाजणं होतंच, खालून मुळंही कुजू लागली. वेलीला तोंड नसतं, पानंच असतात. पानांनी जेवढं सांगता येईल तेवढं मी सांगत होते.

एके दिवशी मावशी बादली घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कोपऱ्यात विटेच्या आडोशाला माझी दोन पानं हिरवी राहिली होती, ती त्यांना दिसली. त्यांनी बादली खाली ठेवली. जुनी चादर आणून काठ्यांवर माझ्या डोक्यावर ताणली. मला गारवा मिळाला, पण चादरीने खिडकीही झाकली. मावशी अंधारात अंदाजाने सुई चालवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एका पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ठिपका पडला. मास्तरांनी तो पाहिला आणि सरळ बाहेर येऊन चादरीला हात घातला. मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, राहू द्या. माझ्या डोळ्यांपायी तिचं छप्पर गेलंय."

"आणि काजं कोण करणार?"

"द्या बाहेर कुणाला. मी बटणं लावीन. बटणं चाचपून लावता येतात."

चाळीस वर्षं काज करणारी बाई हे म्हणाली. मास्तरांनी चादर सोडली आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते शिवणाचा खडू खिशात घालूनच कामाला बसले. तासातासाने उठत, घराभोवती फिरत, ऊन जिथे संपे तिथे फरशीवर रेघ मारत आणि शेजारी वेळ लिहीत. शेजारचे म्हणू लागले, मास्तर आता घरालाच सदरा शिवणार. संध्याकाळपर्यंत सगळीकडे रेघाच रेघा झाल्या. मग त्यांनी मावशींना हात धरून पुढच्या दाराच्या पायरीशी नेलं. ती पूर्वेची बाजू. सकाळी दोन-अडीच तास कोवळं ऊन, मग दिवसभर छज्ज्याची आणि भिंतीची सावली.

"तिला ही बाजू, तुला खिडकी," ते म्हणाले. "दोघींच्याही अंगात नीट बसेल."

त्याच संध्याकाळी मला मातीसकट उचललं. कुजलेली मुळं मास्तरांनी कापडाच्या कात्रीने कापली. त्या कात्रीने घरात कुणाला कागदसुद्धा कापू देत नसत.

पहिल्या वर्षी मी फुलले नाही. मावशी रोज वाकून बघत आणि माती चाचपून, कोरडी असेल तरच पाणी देत. दुसऱ्या वर्षी मात्र पायरी झाकून जाईल एवढी फुलं आली. झाडाखाली एवढी कधीच आली नव्हती. तिथली सावली मला जगवायला पुरत होती, फुलायला पुरत नव्हती. हे मलाही तेव्हाच कळलं.

आता मी पुढच्या दाराशी आणि मावशी मागच्या खिडकीशी. आम्ही एकमेकींना दिसत नाही. पण वारा आला की माझा वास खोलीतून फिरून खिडकीपर्यंत जातो, आणि त्यांची सुई जराशी थांबते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं रोप सुकू लागलं, तर धावत बादली आणू नका. त्याच्यावर ऊन कधी येतं, कधी जातं, ते आधी बघा. त्याला एक दिवस लागतो. तेवढा दिवस त्याच्या शेजारी बसा.