सत्त्याऐंशी पॉइंट पाच

"अरे बंद कर ना ते, मना कान फुटी जातीन!" कमलबाईंनी पदराने कान झाकले.

"थांब ना वं अक्का, लागतेच आता," म्हणत नवलने टेपवर एक बुक्की मारली. खरखर होती तशीच राहिली.

धुळ्याहून निघाल्यापासूनची ही तिसरी बुक्की. फागणे गेलं, पारोळा गेलं, एरंडोलला चहाही झाला. लायटरच्या भोकात खुपसलेलं ते अंगठ्याएवढं यंत्र मात्र निळा दिवा लावून निवांत बसलं होतं. त्याच्यावर ८७.५ दिसत होतं, टेपवरही ८७.५ दिसत होतं. यंत्राच्या पाठीत पेनड्राईव्ह होता, पेनड्राईव्हात आई होती आणि व्हॅनभर नुसती खरखर होती.

नवलचं डोकं फिरायचं कारणही तसंच होतं. यावलकडच्या दहा-बारा गावांतल्या विहिरींच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या. दोनशे फुटांवरच्या मोटारीचं दुखणं तो वरून नुसता आवाज ऐकून सांगायचा. उन्हाळ्यात केळीचं पाणी तुटलं की लोक घरच्या दुखण्याआधी त्याला शोधत यायचे. अशा माणसाला हे प्लास्टिकचं खेळणं दाद देत नव्हतं. नुसती गाणी ऐकायची हौस असती तर त्याने ते केव्हाच तापीत भिरकावलं असतं. पण त्याने शब्द दिला होता.

आईला जाऊन दहा महिने झाले होते आणि तिच्यामागची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. आखाजीला सासरच्या लेकीला न्यायला भाऊ मुऱ्हाळी होऊन जातो. नवल तीस-बत्तीस वर्षं धुळ्याला जात होता, खंड पडला तो फक्त गेल्या वर्षी. तेव्हा कमलबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "पुढल्या साली येसू," असा त्यांनी आईला निरोप धाडला होता. पुढचं साल आईने पाहिलंच नाही.

यंदा कमलबाईंनी फोनवरच सांगून टाकलं, "माय नही, ते दारमा भाकरतुकडा कोन ओवाळी? मी काही येस नही." बोलायलाही त्या आता पुऱ्या धुळ्याच्या झाल्या होत्या.

नवलला एकच सुचलं. गेल्या आखाजीला झोक्यावर बसून आईने गाणी म्हटली होती आणि त्याच्या लेकीने, दिपमालाने, ती मोबाइलात धरून ठेवली होती. तो मोबाइल पुढे पाण्यात पडला, गाणी तेवढी पेनड्राईव्हात उरली. "तू गाडीत बस तं खरी," तो म्हणून गेला, "वाटभर आईच तुले घेऊन येईन." पलीकडून बारीक आवाज आला, "ये मंग."

यंत्र घेतलं त्या जळगावच्या दुकानात तो आधीच दोनदा भांडून आला होता. दुकानदाराने कसलंसं गाणं टेबलावरच्या रेडिओवर खणखणीत वाजवून दाखवलं. "काका, हे म्हणजे एक इवलंसं रेडिओ स्टेशन समजा. पेनड्राईव्हातलं गाणं हे हवेत सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. तुमच्या गाडीला एरियल आहे ना?"

"मले रेडिओ ऐकायचाच नाही, तं एरियल कायले पाहिजे?" नवलने त्याला उडवून लावलं. गाणं गाडीत, टेप गाडीत, मधे वीतभर अंतर. त्यासाठी टपावर काडी कशाला? ती काडी त्याने दिपमालाच्या लग्नातच काढून माळ्यावर टाकली होती. मांडवासाठी केळीचे खांब टपावर बांधून आणायचे होते आणि ती सारखी मधे येत होती.

जळगावात शिरल्यावर त्याने चिडून दोन्हीकडचे आकडे फिरवले. खरखरीतून एक बाई उगवली आणि बांगड्यांच्या घडणावळीत सूट असल्याचं सांगू लागली.

"हाई मनी माय शे का?" कमलबाईंनी विचारलं.

नवलने आकडे मुकाट्याने पुन्हा ८७.५ वर आणले.

"माले ष्टँडवर उतारी दे. मी परत जास."

"अक्का, पुलापावतर तं चाल. नाही लागलं तं मीच तुले धुळ्याले सोडतो."

कमलबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. तिच्यात आईला दरवर्षी नेत तशी सांजोरी होती. सवयीने केली असावी. ती पिशवी पाहून नवलला स्वतःचीच चीड आली.

तापीच्या पुलाअलीकडे केळीचा एक ट्रक बंद पडला होता. मागे गाड्यांची रांग लागली होती. ऊन असं की हॉर्न वाजवायचाही लोकांना कंटाळा आला होता. एक लाल गाडी व्हॅनला खेटून उभी राहिली. चष्मेवाल्या माणसाने इंजिन बंद केलं, काचा खाली घेतल्या आणि तो रेडिओची बटणं दाबत बसला.

आणि त्या लाल गाडीतून आवाज आला. म्हातारा, मधेच खोकणारा, मागे झोक्याच्या दोराची करकर.

"पिंपयाच्या फांदीले झोका बांधला,
धुयाच्या वाटंले डोया लागला..."

कमलबाईंच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली.

"हे कोणतं स्टेशन लागलं?" म्हणत चष्मेवाल्याने बटणाकडे बोट नेलं.

"भाऊ, हात नका लावू!" नवल जीव खाऊन ओरडला. "बदलू नका! आमची आई हाये ती!"

माणूस बोट तसंच धरून बघत राहिला. कमलबाई उतरल्या आणि व्हॅनला वळसा घालून लाल गाडीच्या तापलेल्या दारावर तळवा टेकून उभ्या राहिल्या.

"आली आली कमल, सांगा वो कोनी,
ठेवा दारामंधी तांब्याभर पानी..."

नवल स्टिअरिंगवरच खिळला. यंत्र धुळ्यापासून चालू होतं. अख्खी वाट आई ह्याच गाडीत गात होती आणि गाडीचे कान त्याने स्वतःच्या हाताने उपटून माळ्यावर टाकले होते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली त्याला.

तेवढ्यात ट्रक हलला. मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. चष्मेवाल्याने दोन गाड्या जाऊ दिल्या, मग मागचे शिव्या देऊ लागले. "मावशी, मला..." तो अवघडून म्हणाला आणि गाडी हळू पुढे घेतली. आईचा आवाज चार पावलं ऐकू आला, मग खरखरला, मग गेला. कमलबाईंचा तळवा तसाच हवेत राहिला.

त्या येऊन बसल्या.

"माह्यामुळंच झालं वं, अक्का," नवल म्हणाला. "एरियल मीच काढला. घरी गेलो की पयले तेच लावतो." त्याने टेप बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे."

"नुसती खरखर हाये ना वं."

"राहू दे. ती गानं म्हनी राहिनी." त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "चाल, घर."

व्हॅन पुलावर चढली. खरखर चालूच होती. समोरून गाड्या येत होत्या आणि कमलबाई पुढे झुकून प्रत्येक गाडीत निरखून बघत होत्या, कुणी रेडिओकडे चमकून मान वळवतं का ते.